केसभर उंच दाढ

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. दातांच्या डॉक्टरांनी माप घ्यायचं आणि पुढचं सगळं मागच्या खोलीत हिने करायचं, अशी एकोणीस वर्षांची वाटणी होती. प्लास्टरचा साचा, मेणात एकेक दात बसवणं, घासणं, चकाकी आणणं आणि शेवटी माणसाला खुर्चीत बसवून कवळी घालून पाहणं. "हिच्या हातची कवळी घालून माणूस कणीस सोलून खातो," असं डॉक्टर कौतुकाने सांगत. तिचं काम ते तपासतही नसत.

त्या सोमवारी खुर्चीत येऊन बसली ती तिची थोरली जाऊ.

अकरा वर्षं दोघींत शब्द नव्हता. हिच्या नवऱ्याचं शेवटचं आजारपण थोरल्या दिरांच्या घरी गेलं, कारण तिथून दवाखाना जवळ. कामावरून सुटली की ही रोज तिकडे धावायची. एके दिवशी औषधाच्या वेळांवरून दोघींचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी तिला दारातच अडवलं. "आत्ता कुठे त्याचा डोळा लागलाय. बस बाहेर." ही दोन तास पायरीवर बसली. आत तो जागा होता. बाहेर ऐकू न येणाऱ्या आवाजात हिला हाका मारत होता आणि तसाच गेला. थोरल्या दिरांनी नंतर मान खाली घालून हे सांगितलं.

तेव्हापासून तिने देवाशीही अबोला धरला. देवाचं आपल्यावर प्रेम आहे, हे लहानपणी शिकवलेलं तिने नाकारलं नव्हतं. ज्याच्या घरी कधी जाणंच झालं नाही अशा नातेवाइकाच्या पत्त्यासारखं ते कुठेतरी ठेवून दिलं होतं, एवढंच.

"तूच करणार होय गं?" बोळक्या तोंडाने जाऊबाई म्हणाल्या.

"मीच. डॉक्टर माप घेतील, तोंड उघडा."

त्याच क्षणी तिचं ठरलं. खालची, डावीकडची, अगदी मागची दाढ केसभर उंच ठेवायची. डोळ्यांना दिसणार नाही, पण घासागणिक हिरडी सोलवटेल. तक्रार आलीच तर म्हणायचं, "नवीन आहे, होईल सवय." हे ती रोजच कुणा ना कुणाला सांगे, आणि एरवी ते खरंही असे.

ती दाढ तिने इतकं जीव ओतून बसवली की तेवढं कधी कुणासाठी केलं नव्हतं. काम करताना चक्क गुणगुणत होती. डॉक्टरांनी डोकावून विचारलं, "आज स्वारी भलतीच खुशीत?"

"नात्यातलं गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी कवळी तोंडात गेली. चावा कुठे जास्त पडतो ते दाखवणारा निळा कागद तिने मध्ये धरला आणि जाऊबाईंनी दात टेकवले. मागच्या दाढेवर गडद ठिपका उमटला, आणि जाऊबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कशी वाटतेय?" तिने गोड आवाजात विचारलं.

"छान बसलीये."

"टोचत नाही ना कुठे?"

"टोचतंय की. डावीकडे." जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मुद्दाम ठेवलंयस ना? असू दे. एवढं तरी मी सोसायलाच हवं. मला ठाऊक होतं गं, तो जागा होता."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं जपलेला सूड, आणि या बयेने तो खुशाल पदरात घेतला! आता प्रत्येक घासाला ही पुण्यवान होणार!

"काढा ती," ती कडाडली. "एवढ्यात सुटायचं नाही तुम्ही."

तिने दाढ घासली, कवळी पुन्हा तोंडात बसवली. दाढेवर पुन्हा ठिपका. पुन्हा घासली. दुखरी जागा नेमकी सापडावी म्हणून अंगठा हिरडीवरून फिरवला. हिरडी झिजून तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखी मऊ झाली होती. जाऊबाईंनी आधाराला तिचं मनगट धरलं आणि तोंड उघडं ठेवून बसून राहिल्या. नकळत तिचा अंगठा हलका पडला. इतका हलका, की तिची तीच दचकली.

आपल्या मनात काय काय भरलंय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. या बाईसाठी माया त्यात कणभरही नव्हती. तरी आत्ता तिच्या बोटांतून जे जात होतं, त्याला दुसरं नाव नव्हतं. ते तिचं नव्हतंच. दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि जाता जाता तिच्याही छातीत ऊब ठेवून जात होतं. पायरीवरच्या त्या दोन तासांनंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी आत घेतलंय.

सहाव्या वेळेला ठिपके सगळीकडे सारखे, फिकट उमटले.

"माफ केलंस का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही. मंगळवारी या. हिरडी बघावी लागेल."

जाऊबाई गेल्या. ती स्टुलावर बसली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा देवाशी बोलली, तीही फणकाऱ्यानेच. "मला गाठायला तुला सगळ्या जगात हीच सापडली होय?"