हिंडलग्याला होतास का?

विनोदिनी सांबरेकर यांना शब्दांचा नाद लागला तो रडण्यापासून. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या शाळेत पहिल्याच दिवशी हिंदीच्या बाईंनी त्यांच्या गालाला हात लावून सांगितलं, "बेटी, अब तुम्हारी शिक्षा यहीं होगी." घरात मराठी आणि गल्लीत कानडी ऐकत वाढलेल्या पोरीला दोन्हीकडे शिक्षेचा अर्थ एकच ठाऊक होता. तिनं असं भोकाड पसरलं की वडिलांना शाळेत बोलावणं गेलं. शिकण्याला शिक्षा म्हणणारी माणसंही जगात असतात हे कळल्यावर रडू थांबलं आणि कुतूहल सुरू झालं. ते अजून थांबलेलं नाही.

पुढे त्या बेळगावातल्या एका कोर्टात भाषांतरकार म्हणून लागल्या. कामकाज कानडीत, कायद्याची पुस्तकं इंग्रजीत आणि पिंजऱ्यातला माणूस बहुतेक वेळा मराठीत. या तिघांच्या मधे बाई एकतीस वर्षं उभ्या होत्या. पर्समध्ये एक वही असायची, तिच्यात फसवे शब्द टिपलेले. एका नव्या कारकुनानं कानडी साक्षीतला 'अनुमान' मराठीत तसाच उतरवला आणि शेजाऱ्यावरचा धडधडीत संशय नुसता अंदाज होऊन बसला, तेव्हा तो बाईंनीच पकडला. दुसऱ्याच्या चुका हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्याचा त्यांना गर्वही होता. आपण कशाला लपवायचं!

कायद्यातली एक गोष्ट मात्र त्यांना सारखी खुणावायची. आरोपीला पूर्वी कधी शिक्षा झाली असेल, तर तो कागद न्यायाधीशांपुढे आधी ठेवत नाहीत. मागे चोरी केली म्हणजे हीही त्यानंच केली, असं मनात येऊ नये म्हणून. आधी आत्ताच्या गुन्ह्याचा निकाल लावायचा. तो शाबीत झाला की मगच विचारायचं, "पूर्वी शिक्षा झाली होती का?" या उत्तरावर माणसाची वर्षं ठरतात. साधी चोरी पहिल्यांदाच असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि कोर्टाच्या मनात आलं तर चांगल्या वागणुकीची हमी घेऊन घरीही पाठवतात. तीच दुसऱ्यांदा असेल तर कायद्याचा हात पार दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी त्याच्याही पुढे पोचतो. भोगून संपलेली शिक्षा नव्या शिक्षेत पुन्हा कशी काय येऊन बसते, हे कोडं बाई डबा खाताना सहकाऱ्यांना घालायच्या. सहकारी म्हणायचे, बाई, भाजी गार होतेय.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा भरमाचा खटला निकालाला आला. भरमा यल्लाप्पा, राहणार बेळगुंदी, वय चाळिशीच्या आत. काजूच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथलीच दोन पोती त्यानं लांबवली होती. आपण ती नेली, हे त्यानं कधी नाकारलं नव्हतं. खटला नवा फौजदारी कायदा येण्याआधीचा, रेंगाळत रेंगाळत इथवर आलेला. जामिनावर सुटलेला भरमा दर तारखेला इस्त्रीचा तोच शर्ट घालून यायचा आणि मागच्या बाकावर त्याची बायको राजाबाई बसायची.

न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं. मग सरकारी वकिलांनी दुसरा कागद पुढे केला. बेळगुंदीच्याच भरमा यल्लाप्पाला अकरा वर्षांपूर्वी चोरीबद्दल सहा महिन्यांची कैद झाली होती आणि ती त्यानं हिंडलग्याच्या तुरुंगात भोगली होती. न्यायाधीश कानडीत म्हणाले, "त्याला विचारा, हे कबूल आहे का."

बाईंनी मागे पाहिलं. राजाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्या देखत 'तू तुरुंगात होतास का' असं विचारणं बाईंच्या जिवावर आलं. बेळगावात तरी असं कोण बोलतं? तुरुंगात गेला म्हणायचं नसतं, 'हिंडलग्याला जाऊन आला' म्हणायचं, की सगळे समजतात. बाईंनी तेच केलं.

"भरमा, तू हिंडलग्याला सहा महिने होतास का?"

"व्हय, हुतो की. सा म्हयनं हुतो," भरमा म्हणाला.

"कबूल आहे म्हणतो," बाईंनी कानडीत सांगितलं. लेखनिकानं ते लिहून घेतलं. भरमाचे वकील श्रीनाथ यांनीही मान खाली घातली, कारण तेही बेळगावचेच. शिक्षेवरचा युक्तिवाद दुपारी ठेवून कोर्ट उठलं.

बाई व्हरांड्यातल्या नळावर बाटली भरत होत्या, तिथं राजाबाई आली.

"आक्का, एक इचारू? सायबास्नी हिंडलग्याची चौकशी कशाला करायची हुती?"

"म्हणजे काय? शिक्षा भोगली ना त्यानं तिथं."

"कसली शिक्षा?" राजाबाई बघतच राहिली. "आमी भाड्यानं हुतो की थितं. ह्येनी सेंट्रिंगच्या कामाला जाईत. आमची दिपाली थितंच झाली, शाळंजवळच्या खोलीत. म्हून त्येनी व्हय म्हनाले."

बाटली भरून पाणी वाहायला लागलं तरी बाईंच्या ध्यानात आलं नाही. हिंडलगा हे गावही आहे, तिथं माणसं खोल्या घेऊन राहतात, पोरीबाळींना जन्म देतात, हे त्या पार विसरल्या होत्या. भरलेल्या कोर्टात तो शब्द गाव म्हणून ऐकणारी दोघंच होती, भरमा आणि राजाबाई.

"मग तुमच्या गावात दुसरा कोणी भरमा यल्लाप्पा आहे का?"

"दोन हायती. एक वरच्या गल्लीतला हुता, त्यो गेला मागल्या साली. त्येला मातूर खरंच न्हेलतं हिंडलग्याला." एवढं बोलून राजाबाईलाच उमगलं. तिनं कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली. "आत्ता काय करायचं वो आक्का? आता ह्येस्नी लई वरीस घालत्यात का?"

बाईंना गप्प राहणं काही अवघड नव्हतं. प्रश्न कसा विचारला हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, कागदावर नुसतं 'कबूल' होतं. चार महिन्यांनी शाल, नारळ आणि निर्दोष सेवेचं भाषण ठरलेलं. मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नळ बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

दुपारी कोर्ट बसताच त्या उभ्या राहिल्या. "साहेब, सकाळचं भाषांतर चुकलं. मी शिक्षेबद्दल विचारलंच नाही. मी गावाबद्दल विचारलं, आणि त्यानं गावाबद्दल सांगितलं." मग व्हरांड्यात ऐकलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. श्रीनाथ वकील ताडकन उठले.

न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. या वेळी बाईंनी राजाबाईकडे पाहिलं नाही. "भरमा, यापूर्वी कोर्टानं तुला चोरीबद्दल शिक्षा देऊन तुरुंगात ठेवलं होतं का?"

"न्हाय, न्हाय! देवाशपथ न्हाय!" भरमा गज धरून ओरडला.

तुरुंगाच्या दप्तरातून बोटांचे ठसे मागवले. ते यायला तीन आठवडे लागले आणि ते या भरमाचे नव्हते. कोर्टानं हमी लिहून घेऊन त्याला घरी जाऊ दिलं. जाताना नवराबायको दोघंही बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंना त्याची इतकी लाज वाटली की त्या मागच्या दारानं निघून गेल्या.

भाषांतरातल्या चुकीची नोंद करायची म्हणून न्यायाधीशांनी त्यांना चेंबरमध्ये बोलावलं. माणूस भला होता. पेन उघडून त्यांनी विचारलं, "एकतीस वर्षं झाली ना तुम्हाला? ही पहिलीच चूक, असं लिहितो."

बाईंनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबल्या. तारखांमागे तारखा, पिंजऱ्यामागे पिंजरे, मागच्या बाकावर कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई बसलेली. आणि प्रत्येक वेळी त्यांनी हळू आवाजात, माणुसकीनं विचारलेला तोच प्रश्न. किती जण व्हय म्हणाले होते? त्यांतले किती जण खोली घेऊन राहिले होते?

"पहिलीच सापडलेली, साहेब," त्या म्हणाल्या. "तसं लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तरखान्याच्या खिडकीत बाईंचा अर्ज पडला. जुन्या शिक्षा 'कबूल' लिहिलेले सगळे खटले पाहायला मिळावेत, अशी विनंती होती. कारकुनानं विचारलं, "बाई, कधीपासूनचे काढू?"

"मी लागले त्या दिवसापासूनचे," बाईंनी सांगितलं.