गर्दी ओसरल्यावर

दादाचा फोन आला तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. मी फोन स्पीकरवर टाकला. दादा पुण्याला कंपनीत आहे. समुद्रपूरच्या घरात आई आणि मी, दोघीच.

"यंदा दसऱ्याला नागपूरला जायचं नाही," तो म्हणाला. "आठ-दहा दिवसांनी जाऊ. मी पोरीला घेऊन येतो, गाडी करतो. गर्दी ओसरली की निवांत दर्शन होईल."

दर्शन हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मी तो धरला, तसा दादा वैतागला. "शब्द सोड. मी सगळं वाचून ठरवलंय." फिरायला जाणारी माणसं कोणत्या शहरात कधी जावं हे लिहून ठेवतात. त्यातलं एक त्याने मलाही पाठवलं होतं. नागपूरला हिवाळ्यात जा, संत्री खा, तलाव पाहा, दीक्षाभूमी पाहा. दसऱ्याचे दिवस मात्र टाळा, शहर माणसांनी भरून जातं.

"ही माणसं म्हणजे कोण, दादा? आपणच ना? आपल्यालेच टाळा म्हणून राह्यले ते."

"तुझं पत्रक वाचून झालं का? आता मायच्या गुडघ्याचं बोल."

आदल्या दसऱ्याला दीक्षाभूमीच्या फाटकाजवळच्या रेट्यात आई पडली होती. कुणाचा तरी पाय तिच्या गुडघ्यावर पडला आणि मग सगळा हिवाळा ती भिंतीला धरून चालली. उपचार दादाने करवले. मी तिच्या उशाशी बसून संयोजनावर टीका करणारा लेख लिहिला. तो छापून आला, पण गुडघ्याची सूज काही त्याने उतरली नाही.

आईने सूप खाली ठेवलं. "मंग तिले कसं कळन?" तिने विचारलं.

ती म्हणजे किनवटकडची बाई.

मी पाळण्यात होते तेव्हापासून आईची आणि तिची वर्षातून एकदा भेट व्हायची, दसऱ्याला, दीक्षाभूमीच्या बाहेर. दोघींचे नवरे पुस्तकांच्या दुकानांत शिरले की दुपारभर बाहेर यायचे नाहीत. बायका पिशव्या राखत बसायच्या. अशाच बसल्या असताना दोघी बोलायला लागल्या. माझे वडील पुस्तिकांची पिशवी भरून आणायचे, बहुतेक सगळ्या पातळ, पिवळट कागदाच्या, पिना गंजलेल्या. आमच्या घरात दुसरी पुस्तकंच नव्हती. मी वाचायला त्यांवरच शिकले. त्यातली वाक्यं आखूड असायची आणि प्रत्येक वाक्य कुणाला तरी जाब विचारायचं. मला अजूनही लांब वाक्य लिहिताना काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

किनवटवालीला वाचता येत नव्हतं. पहिल्याच वर्षी ती आईला म्हणाली होती, "एवढा पैसा घालतो आमचा माणूस. आत काय आहे ते तरी सांग." आईने वाचून दाखवलं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. किनवटवाली नवऱ्याच्या पिशवीतून एक पुस्तिका काढायची, संध्याकाळपर्यंत संपेल इतकी बारीक, आणि आई ती पहिल्या पानापासून वाचायची. भोवती भोंगे, घोषणा, हरवलेल्या पोरांची नावं. त्यात आई ओरडून वाचायची आणि ती कानाला हात लावून ऐकायची. मधेच अडवायची. "हे खरं की लिहिणाऱ्याचं?" आई म्हणायची, "मले का ठाऊक, मी लिवलं का?" पुढे दोघींचेही नवरे गेले. त्यानंतर पिशव्या राखायच्या नव्हत्या, तरी दोघी तिथेच येऊन बसत राहिल्या; पुस्तिका आता किनवटवालीच विकत आणायची.

"नाव काय त्यांचं?" दादाने फोनवर विचारलं.

"नावाचं काय काम पडे? ती बसलेली राहे, मी जाऊन बसो."

"गाव?"

"किनवटकडचं. नदी आहे म्हणे जवळ."

"फोन नंबर?"

"पोराचा फोन. पोरगा आज इथं, उद्या तेलंगणात. दर वर्साले भेटतोच म्हणून घेतला नाई."

दादाने मग नातीला फोन दिला. नात म्हणाली, "आजी, मी येणारे, तू पण ये ना माझ्याबरोबर." वर्षातून एकदा दिसणारी नात. आईने मान डोलावली, जणू ते फोनमधून दिसणार होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी एकटी गेले. महामार्गावरच्या जांबहून बस धरली, उभ्यानेच. आईने खूण सांगितली होती. सावळी, पांढरं लुगडं, चष्म्याला दोरी, तंबाखूची डबी कमरेला. तिथे उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की आईने मला त्या रस्त्यावरच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं वर्णन दिलं आहे. मी बसलेल्या बायकांना विचारत फिरले. "किनवटकडच्या कुणी आहेत का?" एका घोळक्यातली आजी म्हणाली, "आम्ही परभणीचे. चालेल का?" सगळ्या हसल्या. मला त्यांनी भाकरी खायला बसवलं. मी लवकर उठले आणि दिवे लागेपर्यंत फिरत राहिले. मला तिची जागाही नेमकी ठाऊक नव्हती, कारण लहानपणापासून मी त्या वेळी दुकानांत असायचे, आधी वडिलांसोबत, मग एकटीच.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "दिसली?" मी नाही म्हटलं. "तू कशी ओळखशीन," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

मग दादाचा ठरवलेला दिवस आला. गाडी थंडगार होती. नागपूरचे रस्ते मोकळे होते, गाडी अगदी फाटकाजवळ लागली. आत घुमटाखाली मोजकी माणसं. एक कुटुंब कुठूनतरी फिरायला आलेलं, फोटोसाठी ओळीने उभं. नात म्हणाली, "किती छान, आपल्यालाच सगळं." दादाने आईचा हात धरून तिला सावकाश फिरवलं. तिला कुणाचा धक्का लागला नाही. दादाने ज्यासाठी खटपट केली ते सगळं त्याला मिळालं, हे मला मान्य करावंच लागेल.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मले माही जागा पाहू दे."

ती रस्त्याच्या कडेने चालू लागली. थांबली, मागे वळली, पुन्हा पुढे गेली. जेवणाचा मांडव नव्हता. पाण्याचा टँकर नव्हता. चपला ठेवायची जागा, पुस्तकांच्या दुकानांची रांग, मांडवाच्या ज्या लाकडी खांबाला, बल्लीला, ती पिशवी अडकवायची ती बल्ली, काहीच नव्हतं. नुसता झाडलेला रस्ता, फुटपाथ आणि बल्ल्यांचे खड्डे बुजवल्याच्या गोल खुणा. तीस वर्षं जिथे ती बसली ती जागा फक्त त्या दोन-तीन दिवसांपुरतीच असायची, हे तिला त्या दिवशी कळलं आणि मलाही.

तिने तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारलं, "बापू, दसऱ्याले इथं एक म्हातारी कोणाची वाट पाहून राह्यलती का?"

तो हसला नाही. "मावशी, त्या दिवशी इथं सगळे कोणाची ना कोणाची वाटच पाहत असतात," तो म्हणाला.

आई फुटपाथवर बसली. दादा म्हणाला, "माय, इथं नको, बाकडं आहे तिकडे." ती उठली नाही. पिशवीतून तिने आदल्या वर्षीची पुस्तिका काढली. आई पडली त्या दिवशी ती वाचून व्हायची राहिली होती आणि आईसोबत घरी आली होती. तिने ती उघडली नाही, नुसती मांडीवर धरली. "तिले वाटलं असन, मी गेली," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला. तलाव पाहायचा राहिला. परतताना त्याने किनवटच्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो म्हणाला, नाव नाही, गाव नाही, नुसती म्हातारी कशी शोधू साहेब, आमच्याकडे घरोघरी आहे.

पुढच्या दसऱ्याला दादाने काही म्हटलं नाही. गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवला. आम्ही उजाडताच पोचलो. फाटकाच्या रेट्याकडे आई गेलीच नाही. बाहेरच्या बाहेर, माणसांच्या बाजूबाजूने, गुडघा ओढत ती चालली, आणि टँकरच्या पुढे, मांडवाच्या अलीकडे, एका बल्लीपाशी न विचारता थांबली. तिथे किनवटवाली नव्हती. आईने चादर पूर्ण पसरली आणि अर्ध्या भागावर बसली.

त्या रस्त्यावर तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. लोक विचारू लागले.

"आजी, सरका जरा."

"माणूस आहे इथं."

"कुठं आहे?"

"येऊन राह्यलं."

पाठीवर बोचकं घेतलेला एक जण म्हणाला, "आजी, रेल्वेचं रिझर्वेशन आहे का? तिकीट दाखव." आईने त्याला शिवी घातली तसा तो हसत पुढे गेला. मी बाजूला उभी होते. गर्दी म्हणजे आपण, असं मीच म्हटलं होतं. आता आपल्याच माणसांना उभं ठेवून आई जागा अडवून बसली होती, आणि तिला ऊठ म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुपार झाली. आईने भाकरीचं फडकं सोडलं नाही. प्रत्येक पांढऱ्या लुगड्यामागे तिची मान वळायची, चेहरा दिसला की परत यायची. मी एकदा म्हटलं, "गुडघे तिचेही दुखत असतील, माय. तिच्या पोरानेही टाळलं असेल."

"असन," ती म्हणाली. पण तिचा विश्वास बसला नव्हता.

उन्हं कलली. परतीच्या बसगाड्यांची नावं भोंग्यावरून ऐकू येऊ लागली. नांदेड, हिंगोली, किनवट. किनवटची गाडी पुकारली तेव्हा आई उठून उभी राहिली आणि गाडीकडे निघालेली माणसं शेवटपर्यंत पाहत राहिली. मग बसली.

एक बाई कडेवर बाळ घेऊन कधीची समोर उभी होती. तिने जागा मागितली नव्हती. आईने अर्ध्या चादरीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस, बाई."

ती बसली. बाळाला तिने आडवं केलं. "कोणाची जागा होती, मावशी?"

"होती एका बाईची," आई म्हणाली, आणि बाळाचे पाय मावावेत म्हणून जरा आणखी सरकली.