दोन पाऱ्यांमधलं अंतर

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, आणि हवामानाचं शास्त्र मीही शिकलेलो नाही. भूगोलाच्या सरांनी सुट्टीत दोन तापमापक हातात ठेवले, "गावाकडं लाव, रोज बघत जा," म्हणाले, इतकंच. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव येरमाळ्याजवळ. खोक्याच्या फळ्यांची, हवा खेळेल अशी पेटी करून मी ती अंगणात खांबावर बसवली. आत दोन्ही तापमापक शेजारी. एकाच्या तळाला मलमलीची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली बसतो. दमट असली की दोन्ही पारे जवळ येतात. पेटीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण.

दुरुस्त्या लगेच निघाल्या. चिमण्यांनी पेटीत काड्या आणल्या, तेव्हा फटींना जाळी मारली. बाण अडकला म्हणून गोडेतेल सोडलं, तर धूळ जास्तच चिकटली. मग रॉकेलनं पुसून शिसपेन्सिलीची पूड घातली, तेव्हा फिरला.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. मृग कोरडा गेला होता. सोसायटीतून आम्हाला हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याचं एकच पोतं मिळालं होतं, हंगामात दुसरं मिळणार नव्हतं. पाऊस येईल या भरवशावर काहींनी कोरड्या मातीतच धूळपेरणी उरकली होती. अशात एका सकाळी दोन्ही पारे जवळजवळ एका रेषेत दिसले.

धाकटे चुलते डोकावून म्हणाले, "आण्णा, पोराचं यंत्र पाऊस म्हणतंय. म्या तर आजच तिफण काढतो."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रं, पेरू का?"

मला हो म्हणावंसं वाटलं. पण आईचं लुगडं दांडीवर टाकेस्तोवर वाळत होतं. मी चिंधी चाचपली. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी ती पापडासारखी कडक, पांढरी झाली होती. पाणी वर चढतच नव्हतं, म्हणून ओला पाराही कोरडाच झाला होता.

येरमाळ्याच्या हमरस्त्यावरल्या गॅरेजात बॅटरीत घालायचं, क्षार नसलेलं पाणी मागितलं. मिस्त्री म्हणाला, "बॅटरी कुठंय?"

"न्हाय, तापमापकाला पाहिजे."

"दुष्काळात काचंलाबी तहान लागली व्हय?" म्हणत त्यानं बाटली भरून दिली.

मलमलीच्या नव्या तुकड्याची खळ धुऊन काढली, त्याची चिंधी बांधली. थोड्या वेळात पारा उतरला. दोन बोटांचं अंतर पडलं.

"आण्णा, हवा कोरडी हाय. थांबा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

चुलते रानातून परतले होते. "मंग सकाळचं खरं का आत्ताचं?"

"सकाळी चिंधी खराब होती, काका."

"म्हंजे माझी पेर चिंधीवर झाली म्हण की."

वडील हसले नाहीत. त्यांनी बाहेर काढलेलं पोतं परत माळवदाखालच्या कोपऱ्यात ठेवलं.

कॉलेज सुरू झालं आणि मी उस्मानाबादला आलो. निघताना आईला चिंधी धुणं आणि बोटानं अंतर मोजणं दाखवलं होतं. तिला आकडे वाचता येत नव्हते. वर्गात बसलो तरी मन त्या पोत्यापाशी. पाऊस पडून गेला आणि पेरणीजोगा वाफसा साधला नाही, तर आमचं रान माझ्या एका शब्दापायी पडीक राहणार होतं. गावचा दुधाचा टेम्पो डेअरीवर यायचा. मी फाटकाशी उभा राहायचो. ड्रायव्हर दुरूनच हात हलवायचा, "न्हाय अजून."

मग एके सकाळी टेम्पोची चाकं चिखलानं माखलेली दिसली. तो खाली उतरून म्हणाला, "तुझ्या मायचा निरोप हाय. अंतर अर्ध्या बोटावर आलं, तवाच आण्णांनी तिफण जुपली. लगोलग दोन दिस पाऊस झाला. काकाचं बी मुंग्यांनी नेलतं, तर पोत्यातलं उरलेलं आण्णांनी त्याला दिलं. दोन्ही रानं उगवलीत. अन् ते गॅरेजचं पाणी संपलंय म्हणं, येताना घेऊन ये."