शमुवेल सरांचा जर्मनीतला साधू

अहमदपुरात माझं ड्रेपरीचं दुकान. गॅदरिंगला, नाटकाला कपडे भाड्यानं जातात, अन् परत येताना झग्यासोबत एखादा किस्सा घेऊन येतात. पण शमुवेल सरांच्या पिक्चरचे जेवढे साठलेत, तेवढे कशाचेच न्हाईत. लोक ऐकून हसतात. मला आता हसू येत न्हाई.

सर इतिहासाचे मास्तर, रिटायर झालेले, आमच्याच गल्लीतले. पाचशे वर्षांमागं जर्मनीत एक साधू होऊन गेला. त्यानं चर्चच्या मोठ्या लोकांना जाब विचारला, अन् त्यातून सरांचा प्रोटेस्टंट पंथ निघाला. त्याच्यावर मराठीत पिक्चर काढायचं सरांना लई खूळ. मला म्हणाले, "सलीमभाई, हा एवढा एक पिक्चर झाला की मी मरायला मोकळा."

*

साधूचं काम बालाजीला. मुखेडकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, आवाज खणखणीत. त्या साधूंचं डोकं मधोमध भादरलेलं असतं. सर म्हणाले, विग नको, खरंच भादर.

बालाजी तसाच गावी गेला. बाप मेल्याशिवाय गावात कोण डोकं भादरतंय? बायांनी दारातच गळा काढला. तेवढ्यात बाप रानातून आला अन् गर्दी बघून तोच घाबरला.

"कोण गेलं रं?"

*

राजाच्या दरबाराला भारी कोट पाहिजे होते. मी बँडवाल्यांचे लाल कोट आणले, सोनेरी झालरीचे. रेणापूरजवळच्या एका गोदामात राजाची एन्ट्री तेवढी घेतली. मधेच दोन म्हाताऱ्या आत येऊन निवांत टेकल्या.

सर म्हणाले, "मावशी, इथं शूटिंग चालू हाय."

"असू द्या की. नवरदेव आला की जेवून जाताव."

*

चर्चच्या दारावर साधू आक्षेपांचा कागद ठोकतो, तो सीन सरांच्याच चर्चमध्ये. बालाजी हातोडा घेऊन तावातावानं निघाला, पायरीशी थांबला, पायातलं काढलं अन् मग दाराकडं गेला. कट. पुन्हा तेच.

सर चिडले. "अरे, जर्मनीत कुणी काढत न्हाई!"

"सर, देवाचं दार हाय. तुमी बी काढल्यात की."

सरांनी खाली बघितलं. सर अनवाणी, कॅमेरावाला अनवाणी, अन् मी मुसलमान माणूस, मी पण अनवाणी.

*

त्या सीनवरून चर्चचे पाळकसाहेब पेटले. "खिळ्याचं सोडा. पण पाळकाला जाब विचारायला लोकांना शिकवता?"

सर म्हणाले, "साहेब, आपला पंथच त्यातून निघालाय."

"तेव्हाचं तेव्हा," पाळकसाहेब म्हणाले.

*

सरांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात लग्नाआधी काही रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात. पाळकसाहेबांनी पुकारणंच थांबवलं. निरोप आला, मंडळीसमोर चूक कबूल करा, पिक्चर बंद करा, मग पुकारतो. पोरीनं दोन दिवस अन्नाला हात लावला न्हाई. बापाला मात्र एका शब्दानं बोलली न्हाई.

पुढच्या रविवारी मी बाहेर कट्ट्यावर बसलेलो. खिडकीतून सरांचा आवाज आला. "माझं चुकलं. पिक्चर बंद." लगेच पोरीचं नाव पुकारलं.

सोमवारी बालाजी झगा परत द्यायला दुकानात आला. सर आधीपासूनच येऊन बसलेले. कॅमेरा कधीच परत गेला होता. एकच मोठा सीन राहिलेला. राजा साधूला म्हणतो, बोललेलं मागं घे, न्हाईतर जिवाला मुकशील, अन् साधू नकार देतो.

सर म्हणाले, "झगा घाल."

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. झगा घातला, शिलाई मशीनपुढं उभा राहिला. "मी एक शब्दही मागं घेणार नाही."

"पुन्हा," सर म्हणाले.

तो पुन्हा म्हणाला.

"पुन्हा."

म्हणून म्हणून बालाजीला घाम फुटला. "सर, कुठं चुकायलोय मी?"

"चुकला नाहीस," सर म्हणाले. "अजून एकदा म्हण."