टाकीतल्या बेडूकमाशांची पैज

माझ्या बायकोचा शेवटचा आषाढ आम्ही भांडण्यात घालवला, आणि भांडणाचा विषय होता बेडूक. अशा वेळी लोक घरात भजनं लावतात. आम्ही बेडकांवरून एकमेकांचं खानदान काढलं आणि खरं सांगतो, मला मजा आली.

आमचं घर बोईसरच्या कारखान्यांच्या मागे. बागेत माडाच्या बुंध्याशी सिमेंटची एक जुनी टाकी अर्धी जमिनीत पुरलेली, बरोबर तिच्या खाटेजवळच्या खिडकीखाली. त्या टाकीत बेडूकमासे दिसू लागले. काळेभोर, नुसतं डोकं आणि शेपूट.

"झाडबेडकाचे आहेत," तिनं उशीवरूनच जाहीर केलं. न्हाणीघराच्या पाइपावर दरवर्षी एक पिवळट झाडबेडूक येऊन बसायचा. बोटांच्या टोकांना गोल गाद्या, त्यामुळे काचेवरही चढायचा. तो तिचा लाडका.

"कसले झाडबेडूक? भेक आहेत, भेक. अंगभर चामखिळी, बसल्या जागी फुगणारे. तुझ्या भावासारखे."

"माझ्या भावाला काय बोलायचं नाय!"

पैज लागली. निकाल पाय फुटल्यावर. बोटांना गाद्या निघाल्या तर ती जिंकली, नाहीतर मी.

आजार यकृतात उतरलाय, आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण रोज सकाळी चहाआधी ती विचारायची, "पाय आले?" आणि मी नाही म्हटलं की निवांत डोळे मिटायची. निकाल लागेपर्यंत तिला थांबायचं होतं. माझंही गणित तेवढंच होतं. म्हणून मीही वाकून वाकून टाकीत बघायचो आणि पाय लवकर येऊ नयेत असं मनात म्हणायचो.

मग तिची मोठी बहीण सातपाटीहून मदतीला आली. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, ताजी मासळी नाही, म्हणून पिशवीभर खारवलेली सुरमई घेऊन. खारं शिजवण्याआधी पाण्यात भिजवून मीठ उतरवतात. ते पाणी त्यांच्या घरात कोणी मोरीत ओतत नाही, ते माडाचं. तिनंही बादली उचलली आणि बुंध्याशी रिकामी केली. उतार टाकीकडे होता, आणि टाकीची त्या बाजूची कड फुटून जमिनीला टेकलेली.

दुपारी मी गेलो तर सगळे पोटं वर करून तरंगत होते.

"काय झालं भावोजी?"

"काही नाही ताई. अख्खी नाटक कंपनी तुम्ही एका बादलीत झोपवलीत."

तिनं वाकून पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. "आमी जन्मभर घालतो माडाला. मला काय म्हाइत हिथं कोण जगतंय?"

"ओहोळातून दुसरे आणून सोडतो. तिला काय कळणार?"

"तिला? टोपलीतला एक बोंबील कमी झाला तरी तिला कळायचा."

आतून हाक आली. "काय कुजबुजता? पाय आले?"

मी जाऊन सांगितलं. तिनं मान उचलून खिडकीतून माडाकडे पाहिलं. दारात बहिणीचे हुंदके चालू होते.

"रडतेस काय गो बाय? माड तरी जगेल." मग माझ्याकडे वळून, "त्यातल्या मोठ्याचा मागचा पाय बाहेर आला होता. काल खिडकीतून पाहिला मी. तुम्ही बोलला नाहीत. आणा तो."

मी स्टीलच्या ताटलीत तो आणला. तिनं भिंग मागितलं. बहिणीनं तिचं मनगट धरून ते स्थिर केलं. काविळीनं पिवळे झालेले ते डोळे भिंगाला लावून ती इतका वेळ बघत राहिली की ताटलीतलं पाणी सुकायला आलं.

"आहेत गाद्या," ती म्हणाली. "बघा तुम्ही."

मी बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढा पाय, बारीक टोकदार बोटं. गादीचा पत्ता नाही. शंभर टक्के भेक.

"दिसल्या ना?"

"दिसल्या. हरलो."

"मोठ्यानं बोला."

मी एका हातात ताटली घेऊन दुसऱ्या हातानं खिडकीचा गज धरला आणि नाटकी आवाजात ओरडलो, "हरलो हो, हरलो!" पाळीवर निघालेला एक कामगार सायकल थांबवून बघू लागला.

"क्या हुआ अंकल, मैच हार गए?"

"हां भाई. बहुत बुरा हारे."

ती हसली. हसता हसता खोकल्याची ढास लागली, आणि ती थांबेना, तेव्हा बहिणीनं मागून कवेत घेऊन तिला बसतं केलं. मी ताटली घेऊन तसाच उभा होतो.