जात्याचा खालचा दगड

जनकाबाईला पोहायला ग्यानोबानं शिकवलं. ग्यानोबा मंजी तिचा भाऊ, दोन वर्सानं मोठा. ही सिद्धेश्वरचं धरण व्हायच्या लई आधीची गोष्ट. तवा गाव पूर्णेच्या काठालाच व्हतं, अन् गावाच्या खालच्या अंगाला चिंचडोह. दुपारी बारा वाजता सगळं गाव सावलीला पडलं की ही दोघं डोहात. डाव एकच. दोघांनी संगं बुडी मारायची, बुडाची मूठभर माती आणायची, अन् जो आधी वर येईल तो हरला. वर येऊन मूठ उघडायची. माती नसली तर बुडी धरायची न्हाई.

खाली दम कोंडून बसलं की कानात घरघर सुरू व्हायची. अगदी जात्यासारखी. ग्यानोबा म्हणायचा, "आपली मेलेली आजी दळून राहिली खाली." जनका भ्यायची, पण पुन्हा उतरायची. तिचं ठरलेलं, जातं सुरू झालं की वर. ग्यानोबा मातर बसायचा. लई येळानं वर यायचा, डोळे लालभडक, अन् हसायचा.

"हरली का न्हाई जनके?"

"तू काहून एवढा बसतो रे दादा?"

"जातं थांबेपर्यंत बसतो. थांबलं की लई बरं वाटतं बग."

जनका एकदा बी जिंकली न्हाई.

तेराव्या वर्सी लगीन झालं. जवळा बाजार गावाकडं दिली. तिकडं नदी न्हाई. रानात एक पडकी इहीर व्हती, पहिल्याच उन्हाळ्यात हिनं त्या इहिरीत उडी टाकली. सासू सोजराबाई काठावर उभी. केसाला धरून वर काढली अन् तिथंच शपथ घातली. "पुन्हा पाण्यात उतरली तर तुजा भाऊ मरंल."

दुसरी कसली बी शपथ असती तर जनकानं मोडली असती. भावाची कशी मोडावी?

आधी आधी लई आठवायचं. चुलीपुढं बसून दम कोंडून बगायची, जातं ऐकू येतं का म्हणून. मंग लेकरं झाले. निंदणं, खुरपणं, सासूचं दुखणं, नवऱ्याचं मरण. माहेरी आली तरी नदीच्या वाटेनं जायची न्हाई. इसरली ती. सपनात सुदिक पाणी यायचं थांबलं. सदतीस वर्स गेले असे.

तिकडं धरण झालं, पाणी अडलं. लोकायनी घरं मोडून चौकटी, लाकडं, पत्रे गाडीत घातले अन् वरच्या मुरमाड माळावर नवं गाव बसवलं. ग्यानोबाच्या घरात भुईत रोवलेलं जुनं जातं व्हतं. वरचा दगड पहिल्या खेपेला आला. खालचा राहिला. ग्यानोबाला वाटलं चुलतभाऊ शेषरावच्या गाडीत हाय. ग्यानोबाची बायको पद्माबाई, तिला वाटलं ग्यानोबानं घेतला. सकाळी बगतात तर गल्लीत गुडघाभर पाणी. तवापासून नव्या घरापुढं अर्धं जातं पडून व्हतं. पद्माबाई दाणे घेऊन शेजारी दळायला जायची अन् येताजाता म्हणायची, "तुमच्या घरचं सगळंच अर्धं."

त्र्याहत्तर साली पाणी लई खाली गेलं. जुन्या गावातल्या लिंबाचा शेंडा वर आला. काळाठिक्कर, एक पान न्हाई. त्याच्यावर कवा पाखरू बसलेलं कोणी बगितलं न्हाई.

त्या चैतात शेषराव सायकल मारत जनकाबाईच्या दारी आला. घामानं वला.

"जनके, चल. ग्यानोबा पाण्यात गेला."

"मंग येईल की वर," जनकाबाई म्हणली. हात पिठातच व्हता तिचा. "त्याला येळच लागतो."

शेषराव म्हणला, "कालच्या दुपारी गेला गं."

ती गेली तवा काठावर सगळं गाव बसलेलं. भोई लोक जाळं टाकून राहिले व्हते. ग्यानोबाची बंडी अन् वहाणा जिथं सापडल्या तिथंच. दुसरा दिवस गेला. तिसरा उजाडला. भोयातला म्हातारा म्हणला, "तिसऱ्या दिवसापातूर पाणी माणसाला वर देतंच. आला न्हाई मंजी कुठं तरी अडकला."

पद्माबाई तीन दिवस रडली न्हाई. जनकाबाई तिच्यापशी बसली तवा पद्माबाईनं तिचं मनगट धरलं, अन् कोणाला ऐकू जाणार न्हाई असं म्हणली, "तो जातं आणाया गेला. मीच म्हणले. पाणी उतरलंय, आता तरी दगड काढा, मर्द असले तर. असं म्हणले मी, जनकाबाई. लोकाला कळलं तर माझ्या तोंडात शेण घालतील."

जनकाबाईनं पाण्याकडं बगितलं. लिंबाच्या शेंड्यापासून डाव्या हाताला चौथं घर आपलं. समदे लोक भलतीकडंच हुडकून राहिले व्हते.

ती भोयाला म्हणली, "मामा, जुन्या गावात बगा. आमच्या घरात."

"त्या गावात आमी उतरत न्हाई, बाई. भिंतीला जाळं फाटतं." म्हाताऱ्यानं जाळं वढून घेतलं. "अन् खालून आवाज येतो."

"कसला?"

"दळल्यावानी."

जनकाबाई उठली. कासोटा घातला. कमरंला विळा खोवला. शेषराव वरडला, "डोकं फिरलं का? पन्नाशीची बाई तू!"

"शपथ भावाची व्हती," ती म्हणली. "सदतीस वर्स पाळली. भाऊ गेलाच. आता कोणाला भेऊ?"

भोयानं तराफा काढला. पद्माबाई बी चढली, कोणी अडवलं न्हाई. लिंबापशी तराफा थांबला. बाराची येळ. वारं न्हाई, लाट न्हाई. पद्माबाई म्हणली, "मी तळहातानं पाणी बडवीन. ऐकू आलं की वर या. येशाल ना?"

"येईन वैनी."

पहिल्या बुडीला पाण्यानं तिला बाहेर फेकलं. नाकात पाणी, ठसका. काठावर कोणीतरी हसलं.

दुसऱ्या बुडीला अंगाला आठवलं. पाय आपोआप जुळले. डोळे उघडे ठेवून ती खाली गेली तसं अंगावरचं एक एक वर्स सुटून वर चाललं. सासू गेली, निंदणं-खुरपणं गेलं, विधवापण गेलं. खाली हिरवा उजेड अन् गावातली गल्ली जशीच्या तशी. भिंती कमरंएवढ्या, वर छत न्हाई. गल्लीतून मासे चालले व्हते, बाजारला निघाल्यासारखे. अन् जनकाबाईला हसू आलं. भाऊ मेलेला, अन् तिला पाण्याखाली हसू आलं. तोंडातून बुडबुडे सुटले. वर येऊन तिनं तराफ्याची कडा धरली, पण पद्माबाईकडं बगायची लाज वाटली तिला.

"दिसला का?"

"न्हाई अजून."

तिसऱ्या बुडीला ती घरात गेली. चौकट काढून नेलेली, नुसती भिंतीतली फट. आत ग्यानोबा बसला व्हता.

लहानपणी बसायचा तसाच. पाय खाली, हात वर तरंगून राहिलेले, केस हालून राहिलेले. त्याच्या पायापशी जात्याचा खालचा दगड, अर्धा गाळात. दगडाला त्यानं दोर बांधला व्हता, अन् त्याच दोराचा फास त्याच्या घोट्याला बसलेला. जनकाबाई त्याच्या समोर गेली. तोंडाकडं लई बगितलं न्हाई. डाव लागल्यावर बसतात तशी समोरासमोर बसली.

कानात घरघर सुरू झाली.

तिनं विळा काढला. दोर भिजून टणक झालेला. एक पीळ तुटला. दुसरा तुटला. वरून धप धप आवाज येऊन राहिला, पद्माबाई पाणी बडवून राहिली व्हती. घरघर वाढली. तिला आजीचा हात दिसल्यासारखा झाला, खुंट्यावर धरलेला, गोल गोल. शेवटचा पीळ तुटला.

अन् ग्यानोबा वर चालला. सावकाश, हात पसरून. भिंतीच्या वर गेला, उजेडात गेला. तिच्या आधी.

जनकाबाई खालीच बसली. जन्मात पहिल्यांदा तो हरला व्हता. जातं जोरात फिरून राहिलं, मंग हळू झालं, मंग थांबलं. दादा खोटं बोलत नव्हता. लई बरं वाटलं. दम घ्यावा असं सुदिक वाटंना. वरचा धप धप आवाज कुठल्या दुसऱ्याच गावातला असल्यासारखा.

मंग तिनं समोर बगितलं. जागा मोकळी व्हती. दगड, तुटलेला दोर, बस. समोर गडीच न्हाई, तर एकटीनं डाव कोणासंगं खेळायचा? तिनं गाळात हात घातला, मूठ भरली, अन् पाय मारले.

वर तवा कल्लोळ चाललेला. ग्यानोबा तराफ्याजवळ वर आलता, भोयायनी त्याला धरलं व्हतं. पण पद्माबाई तिकडं बगतच नव्हती. दोन्ही हातानं पाणी बडवून राहिली व्हती, "वर या, जनकाबाई, वर या!" जनकाबाईचं डोकं वर आलं तसं तिनं केसाला धरून तिला वढली.

जनकाबाईच्या नाकातून रगत येऊन राहिलं. तिनं मूठ उघडली. काळी माती.

"त्यानं दगडाला दोर बराबर बांधला व्हता, वैनी," ती म्हणली. "मर्द व्हता."

तवा पद्माबाई रडली.

ग्यानोबाला माळावर माती दिली. पंचशील म्हणणं झालं, लोक पांगले. पण जनकाबाई सासरी परत गेली न्हाई. आठ दिवसानं बाराच्या येळेला कासोटा घालून पाण्यावर गेली. मंग रोजच. पावसाळ्यात पाणी चढलं, लिंब बुडाला, तरी जायची. पद्माबाई काठावर कापडं धरून बसायची अन् दम लई झाला की पाणी बडवायची. बाया टोमणे मारायच्या, "म्हातारीला मासोळी व्हायचंय काय गं?"

"व्हय," जनकाबाई म्हणायची, "तुझ्या कालवणात येईन अन् काटा व्हऊन रुतीन."

हसायची ती. पोरीसारखी हसायची. सगळं गाव म्हणायचं पाण्यानं बाईला धरलं. पण नव्या गावात तेवढं हसताना दुसरं कोणी दिसलं न्हाई, हे बी खरं.

एकदा पद्माबाईनं इचारलं, "अजून ऐकू येतं का हो खाली?"

"येतं."

"कोण दळतं?"

जनकाबाई केस पिळत बसली. "आधी एका हाताचं वाटायचं. आता दोघायचं वाटतं."

पद्माबाईनं पुन्हा इचारलं न्हाई. जात्याचा वरचा दगड दारापुढं पडलेला, तो बी कोणाला हालवू दिला न्हाई तिनं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जनकाबाई तापानं पडली. औंढ्याच्या डॉक्टरनं सुई दिली, ताप उतरंना. पाचव्या दिवशी भर दुपारी ती भुईवर निजलेली, पद्माबाई उशाला. बाहेर वारं न्हाई. गल्लीत कुत्रं सुदिक न्हाई.

"वैनी," जनकाबाई म्हणली, "जातं सुरू झालं."

पद्माबाईच्या हातातलं फडकं पडलं. "वर या, जनकाबाई."

"थांब की जरा."

"न्हाई. वर या. आत्ताच्या आत्ता." तिनं तळहातानं भुई बडवायला सुरू केलं. धप, धप. सारवलेली भुई, पोपडे उडून राहिले.

जनकाबाईनं डोळे मिटले. तोंडावर हसू आलं. हाताची मूठ वळली.

"थांबलं बग," ती म्हणली.

शेषराव धावत आला, बाया आल्या. सगळ्यायनी बगितलं, समजले. पण पद्माबाईचा हात कोणाला धरवंना. ती भुई बडवतच राहिली, "वर या, जनकाबाई, वर या," अन् उन्हं कलली तरी बडवत व्हती.