कांदा निघेपर्यंत

"मी कुणाला माफ करत न्हाई. ते देवाचं काम. त्याला तरी दुसरं काय काम हाय?" आमच्या थोरल्या जाऊबाई हे हसत म्हणायच्या, आणि हसताना त्यांचे हात भाकरी थापतच असायचे. कोण काय बोललं, त्या वेळी चुलीवर काय शिजत होतं, सगळं त्यांना आठवायचं. मी त्यांना ताई म्हणायचे. गाव त्यांना नेपाळीण म्हणायचं.

जुन्नरपासून जवळच आमचं घर. थोरल्या भावोजींना पस्तिशी उलटली तरी मुलगी मिळेना, तेव्हा कुणा मध्यस्थानं ताईंना नेपाळातून आणलं. मी घोडेगावची, धाकटी सून म्हणून या घरात आले तोवर त्या माझ्याहून रांगडी मराठी बोलत होत्या. तरी सासूबाई त्यांना देवघराचा उंबरा ओलांडू देत नसत. "हिची जात कुणाला ठावं?" रोजचा स्वयंपाक ताईंनी करायचा, नैवेद्य मी. ताई मला म्हणायच्या, "माझ्या हातचं आत्याबाईला चालतं, देवालाच तेवढं चालत न्हाई. आमच्या गावात बी ह्योच देव हाय. तिकडं कसा जेवतो?"

दिवाळीत त्या दारच्या कुत्र्याला टिळा लावून झेंडूची माळ घालायच्या. त्यांच्याकडे त्या दिवसांत कुत्र्याची पूजा करतात. पहिल्या वर्षी सगळी आळी बघायला जमली. सासूबाई ओरडल्या, "कुत्र्याला ओवाळतीस व्हय गं?" ताई म्हणाल्या, "ह्यो रोज माझ्या मागं रानात येतो. तुमच्या पोरांतलं कोण येतं?" पोरं, म्हणजे भावोजी आणि माझा नवरा, तिथंच उभी होती. मला हसू आवरेना.

त्या काळी घरात एकच मोबाइल होता, आणि तो सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत असायचा. एकदा कांद्याची काढणी चालू होती. ऊन रणरणत होतं, मजूर मिळत नव्हते. ताई पहाटे वाफ्यात वाकायच्या ते दिवस मावळेपर्यंत. शेवटचा कांदा चाळीत भरून झाला, त्या संध्याकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. सासूबाईंनी कधी नव्हे तो फोन आपण होऊन त्यांच्या हातात दिला. आई जाऊन पंधरवडा झाला होता. भाऊ विचारत होता, तू तेराव्यालासुद्धा फोन का केला नाहीस?

ताईंनी वळून बघितलं. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. "तवाच सांगितलं असतं तर गेली असतीस. कांदा कुणी काढला असता?"

ताई रडल्या नाहीत. मातीचे हात धुतले, भाकऱ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. आपण जेवल्या नाहीत. भावोजी म्हणाले, "आता झालं ते झालं." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "व्हय. झालं."

पुढं काही वर्षांनी सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं. त्यांचं सगळं ताईंनी केलं. अंघोळ, वेणी, कूस बदलणं. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या, परक्या मुलखातली, पण पोटच्या पोरीसारखी करते. सासूबाईंचा जीव होता तो डिंभ्याच्या भावात. मामा एसटी मिळेल तसे यायचे, धरणातले मासे आणायचे, बहिणीला स्वतःच्या हातानं काटे काढून भरवायचे.

ते मामा गेले. फोन आला तो ताईंच्या मोबाइलवर. ऐन काढणी होती. भावोजी आणि माझा नवरा डिंभ्याला निघाले. आईला सांगायची दोघांचीही छाती होईना. ताई म्हणाल्या, "तुमी जावा. मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं नाही. परत आल्यावर दोघं भाऊ आईच्या खाटेकडे फिरकलेच नाहीत.

सासूबाई रोज विचारायच्या, "दादा का येईना गं?" ताई त्यांचं तोंड पुसत म्हणायच्या, "कांदा निघू द्या, आत्याबाई. मग बोलू." मी दारात उभी राहून ऐकायचे. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

चाळीचं दार लावलं त्या संध्याकाळी ताई खाटेजवळ बसल्या. "मामा गेलं. तेरावं बी झालं."

सासूबाईंचं अर्धंच तोंड रडत होतं. "आन् तू मला आता सांगतीस?"

"कांदा ऱ्हायला व्हता."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना कळलं, हे मला दिसलं.

त्यानंतर एके सकाळी ताई त्यांचे केस विंचरत होत्या. सासूबाईंनी अडखळत विचारलं, "तुझी आई कशी व्हती गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताईंची फणी थांबली. "ते तुमाला न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या, आणि गुंता हलक्या हातानं सोडवून वेणी घातली. सासूबाई जाईपर्यंत रोज विचारायच्या. ताईंनी सांगितलं नाही.

मला सांगितलं. सासूबाईंचं दहावं उरकल्यावर आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. आई बुटकी होती, शीळ घालून शेळ्या बोलवायची, हसताना तोंडावर पदर धरायची. सांगता सांगता ताई पहिल्यांदा रडल्या, माझ्या खांद्यावर, अगदी मोकळ्यानं.

त्यांची लेक नर्स झाली आणि त्यांना आपल्याकडे पुण्याला घेऊन गेली. निघताना ताईंनी घराकडे वळून बघितलं नाही. मला मात्र घट्ट धरलं.

माझा नवरा अजून कधी जेवताना विषय काढतो. "थोरलीनं लई वाईट केलं. मेल्या माणसाची बातमी कुणी दडवतं व्हय?"

मी वाढता वाढता विचारते, "कुठल्या मेल्या माणसाची?"